चाळीस दिवसांचं तेल

माझ्या जनाचं लग्न झालं ते साल एकोणीसशे एकोणऐंशी. वैशाखातलं लग्न. वऱ्हाडाचा ट्रक येरळेच्या पुलावरून पलीकडे दिसेनासा झाला, तेव्हा अंगणात आम्ही दोघीच उरलो होतो. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, सुभद्राक्का. मांडवाच्या एका मेढीला मी टेकले होते, दुसरीला त्या. मध्ये खरकट्या पत्रावळ्यांचा ढीग होता आणि त्यात तोंड घालून उभी असलेली कुणाची तरी शेळी.

अक्का शेळीला म्हणाल्या, "सकाळपास्नं पोटात काय न्हाई कुणाच्या. भात झाकून ठिवलाय म्हणावं."

मीही शेळीलाच सांगितलं, "भूक न्हाई म्हणावं."

शेळीनं दोघींचं ऐकून घेतलं. अक्का त्यांच्या दारानं आत गेल्या, मी माझ्या दारानं. एकाच घराची दोन घरं केलेली होती, मध्ये कुडाची भिंत. पलीकडे भाकरी थापली की अलीकडे ऐकू यायचं. त्या खोकल्या की मला कळायचं आज थंडी आहे.

आमचा अबोला तेव्हा अठरा वर्षांचा होता, जनाच्या वयाएवढाच. अबोला म्हणजे भांडण नव्हे. हळदीकुंकवाला त्या यायच्या, मी जायचे. त्यांच्या घरात आजारपण असलं तर मी पेज करून उंबऱ्यावर ठेवायचे. फक्त एकमेकींशी बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर ते भिंतीला, कोंबड्यांना, नाहीतर दिगूला सांगायचं. दिगंबर त्यांचा मुलगा. लहान होता तेव्हा दोन घरांत निरोप पोचवून पोचवून त्याचे पाय दुखायचे. शेवटी तो निरोप घेऊन जायचाच नाही. उंबऱ्यातून एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "व्हय म्हणली."

अबोला कशावरून पडला ते सांगते.

जना पोटात होती, आठवा महिना सरत आला होता. जनाचे वडील हुबळीला होते. तिथं रेल्वेच्या कारखान्याशेजारी एका दुकानात ते न्हावीकाम करायचे. महिन्याला एक कार्ड यायचं. मला अक्षर येत नव्हतं. माझ्या माहेरी कुणालाच येत नव्हतं. घरात वाचता येणाऱ्या बाईमाणसांत एकट्या अक्का, त्या चौथी शिकलेल्या. कार्ड आलं की त्या पडवीत बसून मला वाचून दाखवायच्या, आणि मधूनमधून पदरची काहीतरी भर घालून मला हसवायच्याही.

त्या दिवशी त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग आत आत्याबाईंकडे गेल्या. आत्याबाई म्हणजे आमची सासू. आतून बाहेर आल्यावर त्यांनी वाचलं, "खुशाल आहे. दिवाळीला येतो."

मी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

बाराव्या दिवशी हुबळीहून एक माणूस आला. त्याच्या हातात जनाच्या वडिलांची धोकटी होती, वस्तरे-कात्र्या ठेवायची कातड्याची पिशवी. विषमज्वर झाला होता. तिथंच सगळं उरकलं होतं. तो माणूस पाण्याचा तांब्या हातात धरून म्हणाला, "त्यानं कार्ड टाकलं हुतं, पडल्या पडल्या. ते पोचलं न्हाई का? रोज दाराकडं बघत हुता."

सगळ्यांनी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी जमिनीकडे बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, कार्ड चुलीत गेलं, पोटुशी बाई होती, काय करायचं होतं सांगून.

जना झाली. बाराव्याला ना कुणी नाव ठेवलं ना पाळणा म्हटला. आत्याबाई तिला जना म्हणायला लागल्या, तेच राहिलं. चाळीस दिवस झाल्यावर मी अक्कांपुढं जाऊन उभी राहिले. म्हणाले, "जे झालं ते झालं. कार्डात काय लिवलं हुतं तेवढं अक्षर न् अक्षर सांगा मला." अक्कांनी तोंड उघडलं. कडेला दिगू खेळत होता, त्याच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मी म्हणाले, "मग माझ्यासंगं परत कधी बोलूच नका." तो शब्द त्यांनी पाळला.

त्याच वर्षी आत्याबाईंनी मला तेल लावायला शिकवलं. पोट भरायचं होतं. बाळंतिणी, लहान मुलं, हाडं धरलेल्या म्हाताऱ्या, हे त्यांचं काम होतं, ते त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यांचं शिकवणं थोडक्यात असायचं. तेल आधी आपल्या तळहातावर घ्यायचं. हात क्षणभर आपल्या डोळ्यांवर ठेवायचे. मग दोन्ही हात समोरच्या माणसाच्या तळपायांना लावून थांबायचं, त्याचा श्वास आपल्याला कळेपर्यंत. कळल्याशिवाय चोळायला सुरुवात करायची नाही. सुरुवात केल्यावर बोलायचं नाही.

"आन् मनात काय मागायचं न्हाई," त्या म्हणायच्या. "ही बरी होऊ दे, असंबी न्हाई. मागितलं की हाताला कळतं. हाताला कळलं की अंगाला कळतं. मग अंग दार लावून घेतं."

मी अठरा वर्षं तसंच केलं. चांगला हात म्हणून चार गावांत नाव झालं. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर, पोटऱ्यांवर माझे हात असायचे. पण तिथं बोलायचं नसायचं, आणि घरी आल्यावर जना होती. जना गेल्यावर कुणीच नव्हतं. त्या पावसाळ्यात असे दिवस गेले की सकाळपासून झोपेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. एकदा दारात भाजीवाली आली आणि मी मेथी मागायला गेले, तर आवाज खरखरीत, दुसऱ्याच कुणाचा तरी. भिंतीपलीकडे अक्का होत्या. त्यांची सून नलू माहेरी गेली की त्याही गप्पच. थोरले दीर बाहत्तरच्या दुष्काळात गेले होते, आत्याबाई त्यांच्याही आधी. दोन बायका, दोन चुली आणि मधला कूड.

दिवाळी झाली. कार्तिकात एक दिवस पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी भिंतीला कान लावला. तेवढ्यात नलू ओरडली.

मिरजेच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवून अक्कांना घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर माझ्या दारात आला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, स्टँडवर त्याचं केस कापायचं दुकान होतं. खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन पिळत उभा राहिला.

"काकी, उजवी बाजू सगळी गेली. तोंड वाकडं झालंय, बोलणं न्हाई. डॉक्टर म्हणाले रोज मालीश करा."

"मग करा की."

"गावात दुसरं कोण हाय?"

त्यानं टॉवेलला आणखी एक पीळ दिला. "तुमी बोलू नका तिच्यासंगं. तीबी बोलणार न्हाई. नुसतं तेल लावा."

इतक्या साधेपणानं म्हणाला की मला हसू यायला लागलं. मी हो म्हटलं. त्याला वाटलं, काकीला दया आली. खरं वेगळं होतं. अठरा वर्षं मी त्या कार्डातलं अक्षर न् अक्षर मागत होते, मनातल्या मनात. आता ते ज्या एका माणसाला ठाऊक होतं त्याची जीभच अडकली होती. ती मला सोडवायची होती.

तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कढवला. काशाची वाटी घेतली. मागच्या दारातून सकाळचं ऊन यायचं, तिथं सतरंजीवर अक्कांना निजवायला सांगितलं. नलू बाजूला झाली. मी लुगडं गुडघ्याच्या वर खोचून बसले आणि अक्कांच्या तळपायांना हात लावले.

श्वास कळायला हवा होता, तो काही केल्या कळेना. अक्का माझ्याकडे बघत होत्या. एक डोळा नीट, एक ओघळलेला. मी तशीच सुरुवात केली. पोटरी चोळली ती कणीक भरलेल्या पिशवीसारखी, जड आणि थंड. मी पाय सोडून वर गेले. जबड्याखाली, कानामागे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना दाबत राहिले. सहाणेवर वेखंड उगाळून मधातून जिभेला लावलं. बोल, बोल, बोल. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

आठ दिवस तसे गेले. अंगानं दार लावून घेतलं होतं. नवव्या दिवशी मीच दमले. माझे खांदे भरून आले, मान वळेना. त्या दिवशी मी अक्कांच्या पायापाशी बसले, डोळ्यांवर हात ठेवले आणि म्हटलं, जाऊ दे, आज फक्त पाय चोळू. तळपायांना हात लावून बसून राहिले. किती वेळ ते कळलं नाही. बाहेर कुणीतरी मिरची कांडत होतं. तो आवाज हळूहळू लांब गेला, म्हणजे कांडणारी गेली नव्हती, मीच लांब गेले होते. आणि मग तळपायातून काहीतरी आलं. लाट येऊन जावी तसं. अक्कांचा श्वास.

त्या दिवसापासून काय व्हायचं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता लिहिता येतं म्हणून लिहिते. काशाची वाटी तळव्यावर गोल फिरायला लागली की तिचा एक बारीक सूर लागायचा. अक्कांचा श्वास आणि माझा श्वास त्या सुरावर एकत्र चालायचे. मग माझा हात कुठं संपला आणि त्यांचा पाय कुठं सुरू झाला हे कळायचं नाही. हुबळी नाही, कार्ड नाही, जना नाही. मी विधवा नाही, कुणाची धाकटी जाऊ नाही. देवळात घंटा वाजवल्यावर आवाज संपतो आणि त्यानंतरही काहीतरी राहतं, तेवढंच राहायचं. उठताना ऊन दारातून भिंतीवर गेलेलं असायचं. घरी येऊन मी भाकरी खायचे आणि ती गोड लागायची. दिवसातला तो एक तास सोडला तर बाकीचे तेवीस मी एकटीच होते, पण त्या एका तासावर ते निघायचे.

चौदाव्या दिवशी अक्कांचा पाय आत ओढला गेला, थोडासा. नलूनं देवाला साखर ठेवली. जिभेवर मी वेखंड लावत राहिले, पण सवयीनं. बोल असं आता मी म्हणत नव्हते.

एकोणिसाव्या दिवशी बोट हललं.

उजव्या हाताला तेल लावताना मी तो हात माझ्या उघड्या गुडघ्यावर पालथा ठेवायचे आणि खांद्यापासून खाली ओढत आणायचे. मनगटाशी पोचले तेव्हा गुडघ्यावर काहीतरी सरपटल्यासारखं झालं. बघितलं तर अंगठ्याशेजारचं बोट. मी संध्याकाळी स्टँडवर जाऊन दिगंबरला सांगितलं. तो गिऱ्हाईक सोडून बाहेर आला आणि रस्त्यातच माझ्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही. बोट गरम झालं की चालायला लागायचं. आधी एक उभी ओढ, तिच्या दोन्ही बाजूंना वळसे. मग थांबायचं. मग एक कोपरा आणि पुन्हा उभी ओढ. पुन्हा थांबायचं. शेवटी दोन लहान वाटोळी, शेजारी शेजारी. एवढं झालं की हात दमून लोळायचा. रोज तसंच, त्याच जागी, डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली.

पहिले तीन दिवस मला आनंद वाटला. मग काळजी वाटायला लागली. आत्याबाईंनी मला दाखवलं होतं, पांगळ्या अंगात कधी कधी वात अडकून राहतो, मग एखादं बोट नाहीतर पापणी आपली आपणच नाचते. ती नाचत राहिली की बाकीचं अंग जागं होत नाही, सगळी ताकद तिथंच सांडते. अशा वेळी ती जागा मुठीत धरायची, तेल जिरवायचं आणि शांत होईपर्यंत सोडायची नाही. शांत करणं हेच तर माझं काम.

मी ते बोट मुठीत धरलं.

अक्कांच्या घशातून आवाज आला, "अं". मी बोट सोडलं नाही. माझा श्वास सावकाश केला, म्हणजे त्यांचाही होईल. झाला नाही. त्यांच्या नीट असलेल्या डोळ्यातून पाणी वाहून कानात गेलं. मला वाटलं, वात मोकळा होतोय. मी पदरानं ते पाणी पुसलं, आणि गुडघ्यावरचं तेलही पुसलं, कारण बोट त्यावर घसरत होतं.

हे पुढं रोज चाललं. बोट चालायला लागायचं, मी धरायचे. कधी दोन वळसे होईपर्यंत, कधी कोपऱ्यापर्यंत. एकदा मी पाणी प्यायला उठले आणि परत बसले तर अक्कांनी डाव्या हातानं आपलाच उजवा हात उचलून माझ्या गुडघ्यावर आणून ठेवला होता. केवढं बळ लागलं असेल. मला त्याचं कौतुक वाटलं. मी तो हात सरळ केला आणि बोट धरलं.

एकदा नलूनं विचारलं, "काकी, दुखतंय का त्यास्नी?"

मी तिला खुणेनं गप्प केलं. तेल लावताना बोलायचं नसतं.

अडतिसाव्या दिवशी बोट हललं नाही. एकोणचाळिसाव्या दिवशीही नाही. चाळिसाव्या दिवशी मी सगळं अंग चोळलं, पायापासून टाळूपर्यंत. हात गुडघ्यावर ठेवला तेव्हा तो ठेवला तसाच राहिला, धुतलेल्या वस्त्रासारखा. इतकं स्थिर अंग मी कधी हाताळलं नव्हतं. माझं मनही तसंच झालं होतं. कार्डात काय होतं हे मला विचारायचं नव्हतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मी वाटी धुतली, तेलाचं भांडं झाकलं. आणि जाता जाता मीच अबोला मोडला. म्हणाले, "अक्का, बोट निवलं बरं का. येते मी."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग तोंड भिंतीकडे केलं. मधल्या कुडाकडे, ज्याच्या पलीकडे माझं घर होतं.

मला वाटलं, त्यांना झोप आली.

पुढं दोन महिन्यांत त्या गेल्या. पुन्हा झटका आला तो वाचण्यासारखा नव्हता.

बारा वर्षं गेली. ब्याण्णव साली गावात साक्षरतेचे वर्ग निघाले. मारुतीच्या देवळात दुपारी बायकांचा वर्ग असायचा. शिकवायला उज्ज्वला नावाची मुलगी, दहावी झालेली. मी बावन्न वर्षांची. पाटी घेऊन निघाले तेव्हा शेजारची गोदाबाई म्हणाली, "आता म्हातारपणी नवऱ्याला चिठ्ठी लिवायची हाय काय अनसाबाई?"

मी म्हणाले, "पत्ता दे, टाकते."

पहिल्या दिवशी पुस्तकात चित्रं होती. उज्ज्वलानं फळ्यावर तीन अक्षरं काढली, काना नाही, मात्रा नाही, सोपी म्हणून. खाली फुलाचं चित्र. तिनं सगळ्यांकडून ती पाटीवर गिरवून घेतली. माझी पेन्सिल मोडायची, तिनं माझा हात धरून दोनदा काढून दाखवली. मला काही वाटलं नाही. बाकीच्यांसारखं मीही मोठ्यानं म्हटलं.

घरी येऊन उंबऱ्यात बसले. त्या दिवशी सकाळी एका बाळंतिणीला तेल लावलेलं होतं, हात अजून तेलकट होते. उद्या उज्ज्वला विचारेल म्हणून गिरवावं म्हटलं, तर पाटी आत होती. उठायचा कंटाळा केला. लुगडं वर सरकवलं आणि बोटानं गुडघ्यावरच काढायला लागले. एक उभी ओढ, दोन्ही बाजूंना वळसे. थांबले. एक कोपरा आणि उभी ओढ. थांबले. दोन लहान वाटोळी, शेजारी शेजारी.

माझ्या बोटाला ते नवीन होतं. गुडघ्याला नव्हतं.

मी पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा काढायचा धीर झाला नाही. तशीच उठून स्टँडवर गेले.

दिगंबरच्या खुर्चीत एक माणूस तोंडाला साबण लावून बसला होता. मी दारातूनच विचारलं, "दिगू, कमळ कोण?"

वस्तरा तसाच हवेत राहिला. दिगंबरनं तो खाली ठेवला, गिऱ्हाइकाला म्हणाला, "बसा, आलोच," आणि मला दुकानाच्या मागे घेऊन गेला. तिथं पाण्याचा पिंप होता. तो पिंपाला टेकला.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कोण कमळ?"

"जना," तो म्हणाला. "काकानं लिवलं हुतं. आईनं आजीला कार्ड वाचून दाखवलं तवा मी तिथंच हुतो. ताप उतरत न्हाई, जमलं तर ये, असं हुतं. आन् खाली, मला काय झालं आन् पोरगी झाली तर कमळ म्हण तिला. हुबळीच्या तळ्यात कमळं हायत, गावात कुणी बघितली न्हाईत."

मी पिंपाच्या कडेला हात लावून उभी राहिले.

"आजीनं आईचा हात माझ्या डोक्यावर ठिवला," दिगंबर म्हणाला. "म्हणाली, ह्यातला एक शब्द तुज्या तोंडातनं भाईर पडला तर ह्या डोक्याची शपथ हाय. तुमाला कळलं असतं त्यानं बोलावलं हुतं, तर तशाच अवस्थेत तुमी हुबळीला निघाला असता. मी सहा वर्षांचा हुतो. मला वाटायचं, आई बोलली की मी मेलो."

"ती गेल्यावर तरी सांगायचं हुतंस."

तो सदतीस वर्षांचा बाप्या माणूस, त्यानं खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन पिळला. "चाळीस दिवस तुमी दोघी बसत हुता की, काकी. म्हणलं, सांगितलं आसंल तिनं कसंतरी."

आतून गिऱ्हाइकानं हाक मारली, साबण वाळतोय म्हणून. मी दिगंबरला म्हणाले, "जा तू."

त्या घरात अक्षर येणारी एकटी बाई होती, आणि तिला ठाऊक होतं की मला येत नाही. तरी रोज लिहीत होती.

सहा महिन्यांनी मला कार्ड लिहिता आलं. पहिलं जनाला इचलकरंजीला टाकलं. खुशाली लिहिली आणि खाली तिच्या वडिलांनी तिला ठेवलेलं नाव लिहिलं. ती पुढच्या आठवड्यात दोन्ही मुलं घेऊन आली. रात्रीच्या भाकरी तिनंच केल्या. आता तिची नातवंडं माझ्या अंगणात खेळून जातात वर्षातून एकदा. बाकीचे दिवस मी आणि हे घर. कूड पाडला, दिगंबर स्टँडजवळ राहायला गेला. तेल लावायचं काम मी त्याच साली सोडलं, ब्याण्णवला. लोक म्हणाले, शिकली आणि शेफारली. मी एवढंच म्हणायचे की हात दुखतात.

अक्कांच्या शेवटाचं लिहायचं राहिलं. त्यांच्या अंगाला शेवटचं तेल मीच लावलं. बायका आंघोळीचं पाणी तापवत होत्या, तेवढ्या वेळात. डोळ्यांवर हात ठेवले, मग तळपायांना लावून बसले. तिथून काही येणार नव्हतं, तरी बसले. उजवा हात गुडघ्यावर घेतला, तो शांत होता.

सुभद्रा तुकाराम काशीद, माझ्या थोरल्या जाऊबाई, वय बावन्न, मंगळवार दिनांक १२ फेब्रुवारी १९८० रोजी सकाळी वारल्या, मोठं सूर्यग्रहण लागलं त्याच्या चार दिवस आधी.